इस्लाममधील शहादा : एका साक्षीचा प्रारंभीचा इतिहास

इस्लामच्या पाच आधारस्तंभांपैकी नमाज, जकात, रोजा आणि हज या चारांसाठी मनुष्याला काही ना काही झीज सोसावी लागते. नमाजाला वेळ द्यावा लागतो, जकातीला द्रव्य, रोज्याला देहकष्ट आणि हजला प्रवासाचे सामर्थ्य. गणनेत प्रथम येणाऱ्या शहादेला मात्र केवळ शब्द पुरतात. ईश्वराखेरीज अन्य उपास्य नाही आणि महंमद हे त्याचे प्रेषित आहेत, एवढीच ग्वाही तीत दिली जाते. या शब्दांच्या उच्चाराने नेमके काय बदलते, हा प्रश्न म्हणूनच इस्लामी इतिहासाच्या पहिल्या दीड शतकात पुनःपुन्हा उद्भवला. उच्चार करणाऱ्याचे अंतःकरण बदलते, समाजातील त्याचे स्थान बदलते, की राज्याच्या वसूलदप्तरातील त्याची नोंद बदलते? या प्रश्नाच्या निरनिराळ्या उत्तरांवर सहस्रावधी लोकांचे जीवित व वित्त अवलंबून होते.

'शहादा' हा शब्द 'श-ह-द' या अरबी धातूपासून सिद्ध झाला आहे. उपस्थित असणे, प्रत्यक्ष पाहणे आणि त्यावरून साक्ष देणे असा त्याचा अर्थविस्तार आहे. न्यायासनापुढील साक्षीलाही अरबीत हाच शब्द आहे आणि मराठीत रूढ झालेला 'शहीद' हा शब्दही याच धातूचा. भारतात या वचनास सामान्यतः 'कलमा' म्हणतात. कलमा म्हणजे नुसते वचन. शहादा म्हणजे साक्ष. साक्षीला ऐकणारा लागतो आणि ती देणाऱ्यावर तिचे उत्तरदायित्व येते. 'मी साक्ष देतो' हे प्रथमपुरुषी क्रियापद तिच्या आरंभी येते, ते याच कारणाने अर्थपूर्ण आहे. तिचा पूर्वार्ध एकेश्वरवादाचा असून त्याच्या आशयाशी ज्यू अथवा ख्रिस्ती मनुष्याचा सहसा विरोध नसतो. नव्या समाजाची सीमारेषा आखली जाते ती उत्तरार्धाने.

कुराणात ही दोन्ही वाक्ये आहेत, तथापि ती एकत्र आढळत नाहीत. पूर्वार्ध सत्तेचाळिसाव्या सूरेत येतो, तर उत्तरार्ध अठ्ठेचाळिसाव्या सूरेत. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, जिव्हा आणि हृदय यांतील अंतराची जाणीव कुराणातच व्यक्त झाली आहे. एकोणपन्नासाव्या सूरेत वाळवंटातील टोळीवाल्यांना सांगितले आहे की, त्यांनी स्वतःस श्रद्धावंत म्हणवू नये, शरणागत म्हणवावे. कारण श्रद्धा अद्याप त्यांच्या हृदयात उतरलेली नाही. त्रेसष्टाव्या सूरेत दांभिक लोक महंमदांच्या प्रेषितत्वाची साक्ष देतात आणि ते खोटे बोलत असल्याची साक्ष स्वतः ईश्वर देतो. वाक्य सत्य, परंतु साक्षीदार असत्य, अशी ही विलक्षण स्थिती होय. अंतःकरणातील असत्य ईश्वराला दिसते हे खरे. पण ते मनुष्याला दिसू शकते काय, हा प्रश्न पुढील पिढ्यांसाठी उरला.

हदीस-परंपरेत उसामा इब्न झैद या तरुणाची एक कथा येते. युद्धात तलवार उगारली जाताच प्रतिपक्षाच्या एका मनुष्याने शहादेचा पूर्वार्ध उच्चारला. प्राणभयाने तो बोलला असे मानून उसामाने त्याला ठार केले. हे कळल्यावर पैगंबरांनी त्याला, तू त्याचे हृदय फाडून पाहिलेस काय, अशा आशयाचा प्रश्न केला. उच्चार हाच मनुष्याच्या न्यायाचा आधार, हा दंडक पुढे धर्मशास्त्राने या कथेच्या आधारे मांडला.

या दंडकाची पहिली राजकीय कसोटी इ. स. ६३२ मध्ये, पैगंबरांच्या निधनानंतर लगेच लागली. अनेक अरब टोळ्यांनी मदीनेकडे जकात पाठविण्याचे नाकारले. त्यांपैकी काही मुसैलिमासारख्या नव्या प्रेषितांच्या मागे गेल्या होत्या. काहींचा मात्र शहादेला विरोध नव्हता, विरोध होता तो केवळ कर भरण्याला. परंपरेनुसार उमर यांनी शंका काढली की, शहादा उच्चारणाऱ्यांचे जीवित व वित्त सुरक्षित असताना त्यांच्याशी युद्ध कसे करावे? जकात हा त्या साक्षीपासून उद्भवणारा हक्कच आहे, असे उत्तर देऊन खलीफा अबू बक्र यांनी युद्ध पुकारले. शब्दाने संरक्षण मिळते आणि शब्दाने कर्तव्यही लागू होते, अशी दोन तत्त्वे या वादातून पुढे आली. त्यांतील ताण पुढे कधीच पूर्णतः मिटला नाही.

शहादेला सार्वजनिक, दृश्य रूप लाभले ते मात्र यानंतर सुमारे अर्ध्या शतकाने. जिंकलेल्या प्रदेशांत अरबांनी प्रारंभी जुनीच नाणी चालू ठेवली होती. इराणात सासानी राजाची मुखाकृती व अग्निवेदी असलेले रौप्य नाणे चाले. त्याच्या कडेला ईश्वराचे नाव घालण्यात येई, एवढाच फरक. महंमदांच्या प्रेषितत्वाचा उल्लेख बिशापूर येथील हिजरी सन ६६ (इ. स. ६८५-८६) च्या नाण्यावर आढळतो. हे नाणे दमास्कसच्या खलीफाचे नसून त्याचा प्रतिस्पर्धी अब्दुल्ला इब्न झुबैर याच्या पक्षाचे आहे, ही गोष्ट लक्षणीय होय. इस्लामी समाजाचा खरा नेता कोण, या यादवीतच ही घोषणा नाण्यावर आली. विजयी झालेला उमय्या खलीफा अब्दुल मलिक याने तीच पुढे अधिक व्यापक प्रमाणावर वापरली. जेरुसलेममधील घुमटवास्तूच्या आतील कोरीव पट्टीत एकेश्वराची व प्रेषिताची साक्ष येशूविषयीच्या कुराणवचनांसह आली आहे. या लेखात पुढे अब्बासी खलीफा मामून (राज्यकाल इ. स. ८१३-८३३) याचे नाव घालण्यात आले, पण हिजरी ७२ (इ. स. ६९१-९२) हे मूळ वर्ष तसेच राहिल्याने खऱ्या निर्मात्याची ओळख पटते.

यानंतर हिजरी ७७ (इ. स. ६९६-९७) मध्ये अब्दुल मलिकने सुमारे ४.२५ ग्रॅम वजनाचा नवा सुवर्ण दीनार पाडला. त्यावर राजाची आकृती नाही, क्रूस नाही, खुद्द खलीफाचे नावही नाही. केवळ अक्षरे आहेत आणि मध्यभागी शहादेचा पूर्वार्ध आहे. बाजारात नाणे हाती घेणारा ख्रिस्ती व्यापारी किंवा झरथुष्ट्री शेतकरी ती साक्ष स्वतः देत नव्हता. पण जिच्या नावाने राज्य चालते ती साक्ष कोणती, हे त्याला रोज दिसत होते.

साक्ष राज्याची झाली, तेव्हा एक अडचणही उभी राहिली. जित प्रजेच्या जिझियावर व जमीन महसुलावर राज्याचा खजिना अवलंबून होता. प्रजाजनाने शहादा उच्चारली की त्याचा जिझिया माफ व्हावा, अशी अपेक्षा साहजिकच होती. इराकचा सुभेदार हज्जाज (मृत्यू इ. स. ७१४) याने नवमुस्लिमांना शहरांतून परत खेड्यांत धाडले आणि करवसुली चालू ठेवली. खलीफा दुसरा उमर (राज्यकाल इ. स. ७१७-७२०) याने हे धोरण फिरविले. नवमुस्लिमांची सुंता झाली आहे की नाही हे तपासण्याची सूचना खुरासानातून आली, तेव्हा त्याने ती फेटाळली, असे तबरीच्या इतिहासात नमूद आहे.

यापुढचा प्रसंग अधिक बोलका आहे. इ. स. ७२८ च्या सुमारास खुरासानचा सुभेदार अश्रस याने अबू सैदा नामक धर्मप्रचारकाला समरकंदकडे पाठविले आणि इस्लाम स्वीकारणाऱ्यांना जिझिया माफ होईल असे आश्वासन दिले. सोग्द प्रदेशातील लोक मोठ्या संख्येने पुढे आले, त्यांनी मशिदी बांधल्या आणि वसूल घटला. तेव्हा हे लोक करासाठीच मुसलमान झाले असा संशय सुभेदाराला आला. सुंता, धर्मकृत्यांचे पालन आणि कुराणातील एखादी सूरा वाचता येणे, अशा कसोट्या त्याने लावल्या. अखेरीस पूर्वी देत त्या सर्वांकडून कर घेण्याची आज्ञा झाली. सात हजार सोग्दी समरकंदबाहेर जाऊन राहिले. अबू सैदाने त्यांची बाजू घेतली व तो बंदिवासात पडला. पुढे नसर इब्न सय्यार याने हिजरी १२१ (इ. स. ७३८-३९) मध्ये करव्यवस्था सुधारली, तेव्हा तबरीच्या वृत्तान्तानुसार तीस हजार मुसलमान जिझिया भरीत होते आणि ऐंशी हजार मुसलमानेतर तो चुकवीत होते. या आकड्यांच्या काटेकोरपणाविषयी शंका घेता येईल. अन्यायाचे स्वरूप त्यांतून स्पष्ट होते. वेलहाउझेनने १९०२ मध्ये या करव्यवस्थेचे जे विवेचन केले, त्याला डेनेटने १९५० मध्ये महत्त्वाच्या मुद्द्यांवर आव्हान दिले. तथापि खुरासानातील असंतोष इ. स. ७५० मधील उमय्या सत्तेच्या पतनापर्यंत धुमसत होता, हे निर्विवाद आहे.

याच काळातील धर्मतत्त्वचर्चा या पार्श्वभूमीवर वाचली पाहिजे. कृतीने पातकी झालेला मनुष्य मुसलमान राहत नाही, अशी उग्र खारिजी पंथांची भूमिका होती. असा निवाडा ईश्वरावर सोपवावा, असे मुर्जिआ म्हणत. अबू हनीफा (मृत्यू इ. स. ७६७) यांच्या परंपरेत हृदयाची मान्यता व जिव्हेची ग्वाही मिळून श्रद्धा होते, आचरण तिचा घटक मानला जात नाही. आचारविषयक शैथिल्याचे समर्थन म्हणून या मतावर पुष्कळ टीका झाली. परंतु अरबी नीट न येणाऱ्या, कुराणाची एक सूराही पाठ नसलेल्या सोग्दी शेतकऱ्याच्या दृष्टीने त्या मताचा अर्थ निराळा होता. त्याची साक्ष पूर्ण होती आणि ती अपुरी ठरविण्याचा अधिकार करवसुली करणाऱ्याला नव्हता. खुरासानातील नवमुस्लिमांच्या चळवळीत मुर्जिआ विचाराचे लोक आढळतात, हा केवळ योगायोग म्हणता येत नाही. पुढे गझाली (मृत्यू इ. स. ११११) यांनीही शहादा मानणाऱ्यांवर अश्रद्धेचा आरोप करण्याबाबत संयमाचा उपदेश केला.

शहादेचे महत्त्व तिच्या ईश्वरविषयक आशयात आहे, हे उघडच आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला तीत आणखी एक गोष्ट दिसते. साक्षीचे शब्द जितके थोडे व सुलभ, तितका समाजाचा दरवाजा रुंद. आणि दरवाजा रुंद राहू नये असे ज्यांना वाटे, ते शब्दांपलीकडचा पुरावा मागत. जकात नाकारणाऱ्यांपुढील अबू बक्र, पातक्यांपुढील खारिजी आणि रिकाम्या खजिन्यापुढील अश्रस यांचे हेतू अगदी भिन्न होते. तरी साक्षीला काहीतरी जोड हवी, ही मागणी तिघांचीही होती. हृदय फाडून पाहता येत नाही, हे उसामाच्या कथेतील तत्त्व या प्रत्येक वेळी प्रतिवादाला उभे राहिले. अंतःकरणाचा न्याय ईश्वराकडे आणि उच्चाराचा न्याय मनुष्याकडे, ही विभागणी धर्मशास्त्रज्ञांनी ग्रंथांत सूत्रबद्ध केली. तिची किंमत मात्र समरकंदच्या वेशीबाहेर जाऊन राहिलेल्या सात हजारांनी आधीच मोजली होती.