कर्जत येथील एका ‘लष्करी’ जीपगाडीचें परीक्षण

गेल्या वैशाखांत आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें आम्हांस कर्जतनजीकच्या एका गांवीं बोलावून घेतलें. तो एक जुनी जीपगाडी विकत घेण्याच्या बेतांत होता. विकणाऱ्याचें म्हणणें असें कीं, ती १९४२ सालची असून अमेरिकन सैन्यानें ब्रह्मदेशाच्या आघाडीवर चालविलेली आहे. आणि मोलही त्या म्हणण्यास शोभेसेंच सांगितलें होतें. “मास्तर, पोथी घेण्यापूर्वीं तुम्ही तिची पुष्पिका पाहतां, तशी हिची पाहा,” असें विद्यार्थ्यानें म्हटल्यावर आम्हांस नाहीं म्हणवेना. पुढें जें आढळलें तें पोथ्यांच्या संग्राहकांस अगदींच परकें वाटणार नाहीं, म्हणून येथें मांडीत आहों.

कर्जत व खालापूर या दोन तालुक्यांत असल्या गाड्यांस गिऱ्हाईक कां, हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. खोपोलीहून बोरघाट चढणारा रस्ता १८३० सालींच चाकांस मोकळा झाला. परंतु घाटाच्या पायथ्याच्या ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्यांस जाणाऱ्या वाटा फार दिवस कच्च्याच राहिल्या, आणि आषाढ-श्रावणांत त्या चिखलांत चारही चाकांना गति मिळणारी गाडीच चाले. (माथेरानची गोष्ट निराळी, तेथें खासगी मोटार दस्तुरी नाक्यापुढें जातच नाहीं.) आतां रस्ते सुधारले, पण मुंबई-पुण्याच्या लोकांचीं शेतघरें झालीं, आणि पूर्वीं गरजेनें ठेवीत ती गाडी आतां हौसेनें ठेवूं लागले. हौस आली कीं कुलकथा आली, आणि कुलकथेस दाम आला.

या वाहनाचें कुळ असें. १९४१ ते १९४५ या काळांत अमेरिकेंत विलिस कंपनीची ‘एमबी’ व फोर्ड कंपनीची ‘जीपीडब्ल्यू’ अशा दोन नांवांनीं, पण एकाच घाटाच्या, सहा लक्षांहून अधिक जीपा तयार झाल्या. युद्ध संपल्यावर हिंदुस्थानांत उरलेलें अमेरिकन सामान १९४६ च्या करारानें येथील सरकारकडे आलें व डिस्पोजल खात्यामार्फत विकलें गेलें. ही झाली एक शाखा. दुसरी शाखा मुंबईची. १९४५ सालीं निघालेली महिंद्र अँड महंमद ही पेढी, गुलाम महंमद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाल्यानंतर, १९४८ सालीं महिंद्र अँड महिंद्र झाली. तिनें माझगांव येथें विलिसच्या जीपांची जुळणी केली व पुढें ‘सीजे-३बी’ ही उंच बॉनेटची जात अनेक वर्षें येथेंच बनविली. आपल्याकडे आज जी जुनी जीप दिसते ती बहुधा या दुसऱ्या शाखेची. विकणारा मात्र तिला नेमानें पहिल्या शाखेंत दत्तक देतो.

प्रस्तुत गाडी हिरव्या रंगानें नुकतीच माखलेली होती व बॉनेटवर पांढरा तारा काढलेला होता. ताऱ्याकडे आम्हीं लक्ष दिलें नाहीं. काल लिहिलेल्या मंगलाचरणावरून ग्रंथाचा काळ ठरत नाहीं. प्रथम पाहिलें तें चक्र. युद्धकालीन जीपा कारखान्यांतून निघत त्या डाव्या चक्राच्या; हिचें उजवीकडे. पुढील जाळीस युद्धकालीन गाडींत नऊ फटी असतात, हिला सात. युद्धकालीन गाडीस मागें फाळका नसतो व जादा चाक पाठीमागें टांगलेलें असतें. हिला उघडझाप होणारा फाळका व चाक बाजूस. बॉनेट उंच. विकणारा म्हणाला, बॉनेट मागाहून बदललें असेल. आक्षेप योग्य होता. पोथींतही एखादें पान दुसऱ्या प्रतीचें घातलेलें असतें. परंतु बॉनेटमागचा, कांचेखालचा सगळा पत्राच त्या उंचीचा, अंगचाच घडलेला होता. एक पान प्रक्षिप्त म्हणतां येईल. सगळी पोथीच प्रक्षिप्त, आणि मूळ फक्त मालकाच्या तोंडीं, असें कसें म्हणावें? ही घडण अमेरिकेंतच मुळीं १९५३ सालीं निघाली. तेव्हां १९४२ हें साल येथेंच संपलें.

कागदांपैकीं नोंदणीपुस्तकावर ‘एमएच-०६’ क्रमांक होता. ही मालिका १९८९ नंतरची, म्हणजे पुस्तक दुसऱ्या नोंदणीचें. चासीवर ठोकलेले अंक पुस्तकाशीं जुळले. इंजिनाचे जुळले नाहींत, कारण पेट्रोलचें इंजिन काढून तेथें डिझेलचें बसविलेलें होतें आणि त्याची नोंद कोणीं केली नव्हती. त्यानंतर विकणाऱ्यानें आपला मुख्य पुरावा काढला : लष्करी लिलावांत ही गाडी विकल्याबद्दलचें १९६८ सालचें टंकलिखित पत्र. कागद पिंवळा, घड्या जुन्या. पण घेणाराच्या पत्त्यांत ‘जिल्हा रायगड’ असें होतें. कुलाबा जिल्ह्याचें रायगड हें नामांतर १ जानेवारी १९८१ चें. तेरा वर्षांनीं होणारें नांव लिहिणारा कारकून त्रिकालज्ञ असला पाहिजे. आम्हीं पत्र परत दिलें.

येथवर गोष्ट नेहमींचीच. परंतु डाव्या मडगार्डाच्या आंतल्या बाजूस, जेथें नवा रंग नीट पोंचला नव्हता, तेथें थर दिसत होते : वर हिरवा, खालीं निळा, त्याखालीं करडा. निळ्या थरावर पांढऱ्या देवनागरी अक्षरांचा शेवट होता. ‘…षद’ एवढें अर्धवट व त्याखालीं स्पष्ट ‘कुलाबा’. महाराष्ट्रांत जिल्हा परिषदा १९६२ सालीं अस्तित्वांत आल्या. तेव्हां हें लिखाण १९६२ व १९८० यांच्या दरम्यानचें, असें अनुमान करण्यास हरकत नाहीं. ब्रह्मदेशची आघाडी खोटी. पण ज्या वाड्यांच्या वाटा आम्हीं वर सांगितल्या त्यांवरून जिल्ह्याच्या कामासाठीं ही जीप फिरली असण्याचा संभव पुष्कळ आहे. मिस्त्री मात्र दुसऱ्याच दिवशीं सगळा पत्रा घासून साफ करणार होता.

विद्यार्थ्यास आम्हीं दोन गोष्टी सांगितल्या. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांप्रमाणें प्रथम नोंदणीस पन्नास वर्षें झालेली व मूळ घडणींत मोठा बदल न केलेली मोटार ‘व्हीए’ अक्षरांच्या निराळ्या मालिकेंत नोंदवितां येते. प्रथम शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षें. ती रोजच्या वापरास चालत नाहीं, आणि विक्री झाल्यास घेणार-देणार दोघांनींही नव्वद दिवसांत परिवहन खात्यास कळवावें लागतें. म्हणजे वयाकरितां महायुद्ध आणण्याची मुळींच गरज नव्हती. अडचण होती ती बिननोंदीच्या इंजिनाची. दुसरी गोष्ट, मडगार्डास पॉलिश-कागद लावूं नये.

सांगितलेल्या रकमेच्या निम्म्याहून कमींत सौदा ठरला, तोही इंजिनाची नोंद विकणाऱ्यानें आधीं दुरुस्त करून द्यावी या अटीवर. तारा पुसला आहे. चासीच्या अंकांचा पेन्सिलीनें घेतलेला ठसा व मडगार्डाचें छायाचित्र आमच्या संग्रहीं आहे. कुलाबा जिल्ह्याच्या सरकारी मोटारींचीं १९६२ ते १९८० या काळांतील लॉगबुकें किंवा लिलावाच्या याद्या ज्या वाचकांच्या दप्तरांत असतील, त्यांनीं कृपा करून चासीचे अंक ताडून पाहण्याकरितां आम्हांस कळवावें.