मळेकर, इझिकिएल आयझॅक

दिल्लीतील ज्यू समाजाचे धर्मप्रमुख, वकील व सर्वधर्मसंवादाचे कार्यकर्ते. जन्म पुण्याचा, घराणे बेने इस्रायली (कोकणातील मराठी ज्यू), मातृभाषा मराठी. बेने इस्रायलींमध्ये रब्बी (दीक्षित धर्मगुरू) नेमण्याची परंपरा नव्हती. प्रार्थना हजान, म्हणजे प्रार्थना म्हणणारे पुढारी, चालवीत. मळेकरांनीही रब्बीपदाची रीतसर दीक्षा घेतलेली नाही, तरी राजधानीत ते रब्बी म्हणूनच ओळखले जातात.

दिल्लीच्या हुमायून रोडवरील जूडा हयाम सिनेगॉग १९५६ साली उभे राहिले. चार दशकांहून अधिक काळ मळेकरांनी त्याचे काम मानद सचिव म्हणून, बिनपगारी सांभाळले. दिल्लीत ज्यू कुटुंबे मोजकीच. शुक्रवारी संध्याकाळच्या प्रार्थनेला त्यांच्याबरोबर वकिलातींमधली माणसे आणि प्रवासीही येऊन बसतात. सनातनी रीतीने सामुदायिक प्रार्थनेस दहा प्रौढ पुरुष हजर असावे लागतात. मळेकर या दहांत स्त्रियांनाही धरतात, त्यांना तोरा हा धर्मग्रंथ वाचू देतात आणि आलेल्या माणसाचा धर्म विचारत नाहीत. त्यांच्या कार्यातला सर्वांत धाडसी भाग हाच. इतर धर्मीयांशी बोलण्याआधी त्यांनी स्वतःच्या प्रार्थनागृहाचे नियम सैल केले.

सर्वधर्म प्रार्थनासभांमध्ये ते ज्यू धर्माच्या वतीने हिब्रू प्रार्थना म्हणत आले आहेत. १९७१ च्या भारत-पाक युद्धातील सेनानी लेफ्टनंट जनरल जे. एफ. आर. जेकब जानेवारी २०१६ मध्ये वारले, तेव्हा सिनेगॉगलगतच्या दफनभूमीत त्यांचे अंत्यविधी मळेकरांनी केले.

फेब्रुवारी २००७ मध्ये दिल्लीतच इस्रायलचे मुख्य रब्बी आणि हिंदू धर्माचार्य यांची शिखर बैठक झाली. अशा बैठकांमधून जाहीरनामे निघतात आणि त्यांचेही मोल आहे. मळेकरांची वाट मात्र कोकणातली आहे. अलिबाग परिसरात बेने इस्रायली तेल गाळत, शनिवारी घाणा बंद ठेवत. शेजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत आणि दोघांचेही सुखाने चाले. एलियाहू हनाबी (प्रेषित एलिया) यांच्या नावाने पोहे, ओले खोबरे, साखर व फळे घालून केलेला मलिदा हा त्याच शेजाराचा वारसा. भारतात ज्यूंचा छळ झाला नाही, हे मळेकर आवर्जून सांगतात. आपण आधी भारतीय, मग ज्यू, ही त्यांची भूमिका आहे.

मराठी ज्यूंचा इतिहास बहुधा मुंबई-रायगडापाशीच थांबतो. त्यात दिल्लीतील या कामाला स्वतंत्र प्रकरण मिळायला हवे.