वस्ती आणि शारीरिक हालचाल (छत्रपती संभाजीनगर)

माणूस रोज किती चालतो, खेळतो, सायकल चालवतो हे त्याच्या मनावर असते, तितकेच घराबाहेरच्या रस्त्यावर आणि शेजारपाजारावरही असते, असे सार्वजनिक आरोग्याचे अभ्यासक मानतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी. २०२२ च्या अंदाजानुसार भारतातील जवळपास निम्मे प्रौढ तेवढी करत नाहीत. स्त्रियांत हे प्रमाण ५७ टक्के, तर पुरुषांत ४२ टक्के आहे. या तफावतीचे खापर बायकांच्या आळसावर फोडणे अन्यायाचे आहे. घरकामातून उरणारा वेळ, अंधारी गल्ली आणि 'एकटी कुठे निघाली' ही नजर आधी मोजली पाहिजे.

मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलेल्या खडकीतून छत्रपती संभाजीनगर हे शहर वाढले. जुन्या भागात, गुलमंडी, शहागंज, राजाबाजार येथे दुकान, शाळा, मंदिर, मशीद सारे हाकेच्या अंतरावर असते. चालणे तिथे कामातच होऊन जाते, मात्र हातगाड्या आणि दुचाकींतून वाट काढावी लागते. सिडकोच्या एन-सेक्टरांत उद्याने आणि आतले शांत रस्ते आहेत, पण जालना रोड ओलांडणे म्हाताऱ्यांना आणि मुलांना जड जाते. फिरायला विद्यापीठाचा परिसर, गोगाबाबा टेकडी, हिमायत बाग, सिद्धार्थ उद्यान आणि गारखेड्याचे क्रीडा संकुल या नेहमीच्या जागा. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, त्यामुळे फिरणे पहाटे किंवा दिवेलागणीनंतरच होते. म्हणून या शहरात रस्त्यावरचा दिवा ही आरोग्याचीच सोय आहे.

शेजारपाजाराच्या सोबतीचे बळ सर्वांत स्पष्ट दिसते ते खुलताबादच्या भद्रा मारुती मंदिराच्या वाटेवर. हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री आणि श्रावणातल्या शनिवारी शहरातून हजारो लोक दौलताबादमार्गे सुमारे २५ किलोमीटर पायी जातात. यांतले कित्येक जण एरवी कोपऱ्यावरच्या दुकानालाही गाडी काढतात. वाटेतल्या घाटाचा चढ त्या रात्री बदललेला नसतो. बदललेले असते ते भोवतालचे: गल्लीतले मित्र, मावशी-काकू, कॉलेजची पोरे एकत्र निघालेली, वाटेवर चहा-फराळाचे स्टॉल, पोलीस बंदोबस्त. बायकाही मध्यरात्री बिनधास्त चालतात, कारण रस्ता माणसांनी भरलेला असतो. श्रद्धा घराबाहेर काढते हे खरेच. पण मध्येच परत न फिरता खुलताबादपर्यंत पोचवते ती बरोबरची मंडळी.

आषाढी एकादशीला वाळूजजवळच्या छोट्या पंढरपूरला जाणाऱ्या दिंड्या आणि नवरात्रात पहाटे कर्णपुऱ्याच्या देवीला पायी जाणारी कुटुंबे हीही याच प्रकारची उदाहरणे.