तांब्याचा वायसर

शहापूरला आग्रा रोड आणि मुरबाडला माळशेजवरून नगरला जाणारा रस्ता. आमच्या दोन्ही तालुक्यांतली गवत-पावली या रस्त्यांनी मुंबईच्या तबेल्यांना जायची. भाताची झोडणी झाली की गवत कापायचं, वखारीत दाबून गाठी बांधायच्या आणि ट्रक भरायचा. पावसाळ्यात हे सगळं बंद. म्हणून ट्रकवाल्याची वर्षाची कमाई दिवाळी ते मे एवढ्यातच व्हायची.

तेव्हा जुने ट्रक दोन तऱ्हांचे दिसत. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातले डॉज-फार्गो आणि टाटांचे. आगगाडीची इंजिनं बनवायला १९४५ साली निघालेल्या टेल्कोने १९५४ मध्ये जर्मनीच्या डेमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला आणि जमशेदपूरला ट्रक बनवायला घेतले. त्यांच्या तोंडावर तीन टोकांची चांदणी असे. १९६९ ला करार संपला, चांदणी गेली. आबांनी घेतलेली गाडी चांदणीवाली होती, दुसऱ्याने वापरून टाकलेली.

१९७९ च्या दिवाळीत ती निळा धूर टाकू लागली, ऑइल प्यायला लागली. मुरबाडकडच्या एका मिस्त्रींनी इंजिन खोललं. सहाही सिलिंडरांचे स्लीव्ह, पिस्टन, रिंगा नव्या बसवल्या. पंप आणि नोझल कल्याणला तपासून आणले. आईच्या पाटल्या गहाण पडल्या. दहावी करून मी घरीच होतो, मिस्त्रींच्या हाताखाली पाने-नट द्यायचो.

गाडी चालू झाली, गोड वाजली. पंधरा मिनिटांनी थरथरायला लागली. मिसिंग, झटके, मग बंद. भरलेली गाडी सरळगावच्या पुढे चढावर दोनदा उभी राहिली. आबा मिस्त्रींना सगळ्यांदेखत म्हणाले, “तुमी काम बिघडवलंत. राहिलेलं पैसं आता विसरा.” मिस्त्री काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते पाना घेऊन आलेच. इंजिन चालू ठेवून एकेका नोझलच्या पाइपाचा नट सैल करत गेले. ज्याचा नट सैल केल्यावर आवाज बदलत नाही, तो सिलिंडर काम करत नाही असं समजायचं. इथे सहाही वेळा आवाज सारखाच पडला. म्हणजे दोष एका सिलिंडरचा नव्हता. टॅपेट बघितले, ठीक होते. मग पंपाचा हवा काढायचा स्क्रू सैल केला, तर डिझेल फेसासारखं आलं. हवा काढली की गाडी बरी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तेच.

“पण डिझेल कुठं गळत नाय,” आबा म्हणाले.

“आबा, विहिरीवरच्या पंपाच्या सक्शन पाइपाला भोक पडलं तर पाणी गळतं काय? पाणी नाय गळत, पंप हवा खेचतो आणि पाणी सोडतो. तसंच हाये.”

त्यांनी डिझेलचा कॅन केबिनच्या टपावर ठेवला. टाकीकडून फीड पंपाला येणारी नळी सोडवून तिच्या जागी कॅनची रबरी नळी जोडली. डिझेल आता वरून आपल्या वजनाने येत होतं, खेचावं लागत नव्हतं. अर्धा तास इंजिन एका सुरात वाजलं.

सोडवलेल्या नळीच्या बोल्टातून त्यांनी तांब्याचा वायसर काढला. जुना, दबून चर पडलेला. पंप कल्याणहून आल्यावर ती नळी मीच जोडली होती. नवा वायसर शोधायचा कंटाळा केला होता. मिस्त्रींनी एकदा माझ्याकडे पाहिलं, वायसर विस्तवात लाल केला, पाण्यात टाकला. तांबं असं मऊ पडतं. घासून परत बसवला, नट आवळला. कोणी जोडली होती, हे त्यांनी विचारलं नाही.

त्या रात्री जोगेश्वरीला गवत घेऊन जाताना भिवंडीच्या अलीकडे मी आबांना सांगितलं. ते बराच वेळ रस्त्याकडे बघत गाडी चालवत राहिले. मग म्हणाले, “उद्या मिस्त्रींचं पैसं तूच नेऊन दे. माफी मी मागेन, पण काय झालं ते तुझ्या तोंडानं सांग.”

मी गेलो, सांगितलं. मिस्त्रींनी पैसे मोजून घेतले आणि डब्यातले चार नवे वायसर माझ्या हातावर ठेवले.