विस्टेरिया : फुलांचा मांडव, वेलीची मगरमिठी

समशीतोष्ण प्रदेशांतील बागांत वसंत ऋतू ऐन भरात आला, की मांडवांवरून आणि घरांच्या दर्शनी भिंतींवरून फिकट जांभळ्या, सुवासिक फुलांचे घोस लोंबू लागतात. ही वेल म्हणजे विस्टेरिया. वाल, पावटा आणि गोकर्ण यांच्याच शेंगवर्गीय कुलातील ही वनस्पती पूर्व आशिया आणि अमेरिकेच्या पूर्व भागात मूळची आढळते. अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ कॅस्पर विस्टार यांच्या स्मरणार्थ, अशी नोंद अनेकदा चुकीने केली जाते. प्रत्यक्षात विस्टार हे फिलाडेल्फियाचे वैद्य आणि शरीररचनाशास्त्रज्ञ होते. त्यांच्या निधनाच्या वर्षी, 1818 मध्ये, टॉमस नटॉल यांनी या प्रजातीला त्यांचे नाव दिले.

बागांत प्रामुख्याने दोन जाती लावल्या जातात. चिनी विस्टेरिया 1816 मध्ये कँटनमधील एका व्यापाऱ्याच्या बागेतून इंग्लंडला पोहोचली. तिची फुले पाने फुटण्यापूर्वी येतात आणि घोस साधारण 20 ते 30 सेंटिमीटर लांब असतात. जपानी जातीचे घोस याहून लांब असून काही वाणांत ते एक मीटरपर्यंत जातात. दोन्ही जाती आधाराला परस्परविरुद्ध दिशांनी वेढे घालतात. त्यामुळे फुले नसतानाही त्या ओळखता येतात.

या वेलीचे सौंदर्य आणि तिचा उपद्रव यांचे मूळ एकच आहे : तिची वाढीची ताकद. कॅलिफोर्नियातील सिएरा माद्रे येथे 1894 मध्ये कुंडीतून आणून लावलेले एक रोप पुढे एकरभर पसरले. त्याच्या भाराने ज्या घराशी ते लावले होते ते घरच मोडकळीस आले आणि पाडावे लागले. वेल मात्र आजही फुलते. अमेरिकेच्या आग्नेय भागात आशियाई जाती रानात शिरल्या असून झाडांना आवळून त्यांचा जीव घेतात. म्हणून पन्हाळी, कौले आणि कोवळी झाडे यांपासून ही वेल दूर ठेवावी आणि तिला जाड लाकडाचा किंवा लोखंडाचा मांडव द्यावा.

वेल दणकट वाढते, पण फुलत नाही, ही नेहमीची तक्रार. बियांपासून केलेल्या रोपाला फुलायला 10 ते 20 वर्षे लागू शकतात. म्हणून कलमी रोप घेणे श्रेयस्कर. भरपूर ऊन हवे. नत्रयुक्त खत जास्त दिल्यास नुसता पाला माजतो. खरे मर्म छाटणीत आहे. फुले सरल्यानंतर जुलै-ऑगस्टमध्ये त्या वर्षीचे लांब हिरवे फुटवे पाच-सहा पानांवर छाटावेत. मग जानेवारी-फेब्रुवारीत तेच फुटवे दोन-तीन डोळ्यांवर आणावेत. पहिल्या छाटणीने वेलीची शक्ती फुटव्याच्या बुडाशी फुलांचे डोळे धरण्यात वळते, दुसरीने ते डोळे मोकळे होतात. वर्षातून दोनदा छाटणी करणाऱ्या नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागायतदारांना हे तत्त्व परके वाटणार नाही. मात्र विस्टेरियाला हिवाळ्याची विश्रांती लागते, त्यामुळे गोव्यासारख्या दमट, उष्ण किनारपट्टीवर ती फुलेल, ही अपेक्षा धरू नये.

आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. मखमली शेंगा आणि त्यांतील बिया विषारी असून पोटात गेल्यास मळमळ, उलट्या व पोटदुखी होते. घरात लहान मुले असल्यास शेंगा वेळीच काढून टाकाव्यात.

नीट जपलेली वेल माणसाच्या अनेक पिढ्या पाहते. जपानमधील आशिकागा येथील पुष्पोद्यानात असलेली जुनी वेल 1996 मध्ये सुमारे 20 किलोमीटर अंतरावरून हलवण्यात आली. खोडाला प्लास्टरचे वेष्टण देऊन वृक्षवैद्य कोनामी त्सुकामोतो यांनी हे काम तडीस नेले. आज तिचा मांडव सुमारे 1000 चौरस मीटर जागा व्यापतो. सिएरा माद्रेतील वेलीने घर मोडले, आशिकागातील वेलीने उद्यान उभे केले. वेलीचा जोम दोन्हीकडे सारखाच होता.