शेपटीच्या चाकाचे सुकाणू : हौशी विमानबांधणीतील एक नाजूक जुळणी

विमान म्हटले की आज डोळ्यांसमोर येते ते नाकाखाली चाक असलेले, जमिनीला समांतर उभे राहणारे यंत्र. दुसऱ्या महायुद्धापर्यंतची बहुतेक विमाने मात्र नाक आकाशाकडे आणि शेपटी जमिनीलगत अशा ऐटीत उभी असत. पंखांखाली दोन मोठी चाके आणि अगदी मागे, शेपटीच्या टोकाखाली एक चिमुकले चाक, अशी त्यांची रचना. अमेरिकेतील प्रसिद्ध ‘पायपर कब’ याच जातीचे. बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली घडलेले आणि १९५८ मध्ये प्रथम उडालेले ‘पुष्पक’ हेही त्याच जातीचे. आपल्याकडील फ्लाइंग क्लबांतून कितीतरी वैमानिकांनी उड्डाणाचे पहिले धडे पुष्पकवरच गिरवले.

प्रवासी विमानांनी ही रचना केव्हाच सोडून दिली. स्वतःच्या हाताने, गॅरेजात किंवा घरामागच्या शेडमध्ये विमान बांधणाऱ्या हौशी मंडळींनी मात्र ती जपली आहे. या हौसेचे माहेरघर अमेरिका. पॉल पोबेरेझ्नी यांनी १९५३ मध्ये मिलवॉकी येथे ‘एक्स्पेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन’ ही संस्था स्थापन केली आणि १९७० पासून ऑशकॉश येथे तिचा वार्षिक मेळावा भरू लागला. रिचर्ड व्हॅनग्रुन्सव्हेन यांच्या ‘आरव्ही’ मालिकेतील ११ हजारांहून अधिक विमाने हौशी बांधणाऱ्यांनी पूर्ण करून उडवली आहेत. या मालिकेतील आरव्ही-७ सारख्या विमानाच्या क्रमांकापुढे ‘ए’ हे अक्षर असेल तर चाक नाकाखाली, नसेल तर शेपटीखाली, असा संकेत आहे. शेपटीचे चाक वजनाला हलके असते, हवेला कमी अडते आणि गवताळ, खडबडीत धावपट्टीवर पंख्याचे पाते जमिनीपासून उंच राहते. ते दिसतेही देखणे, आणि हौशी माणसाच्या हिशेबात देखणेपणाला किंमत असतेच!

या देखणेपणाचे मोल मात्र जमिनीवर चुकवावे लागते. शेपटीच्या चाकाच्या विमानात गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो. हातगाडी दांड्याला धरून ओढली तर ती निमूटपणे मागे येते. तीच मागून ढकलत वेगाने न्यायची म्हटले तर जरा तिरकी होताच आणखी तिरकी होऊ पाहते. उतरल्यानंतर धावणाऱ्या विमानाची गत दुसऱ्या हातगाडीसारखी असते. नाक किंचित डावीकडे वळले की मागचे वजन पुढे जाऊ पाहते आणि वळण वाढत जाते. वैमानिकाने वेळीच पाय चालवले नाहीत तर विमान स्वतःभोवती गर्रकन फिरते. यालाच ‘ग्राउंड लूप’ म्हणतात. त्यात माणूस सहसा वाचतो. पण चाकाचा पाय मोडतो, पंखाचे टोक घासते, पंखा जमिनीला लागला तर इंजिनही उघडून तपासावे लागते. चार-पाच वर्षांच्या संध्याकाळी खर्चून उभे केलेले विमान चार-पाच सेकंदांत पुन्हा शेडमध्ये जाऊन बसते. अमेरिकेत अशा विमानासाठी वैमानिकाला स्वतंत्र प्रशिक्षण घेऊन उड्डाणांच्या नोंदवहीत तशी नोंद करून घ्यावी लागते. १५ एप्रिल १९९१ पूर्वी अशी विमाने चालवलेल्यांना तेवढी यातून सूट आहे.

साहजिकच ग्राउंड लूप झाला की बोट वैमानिकाच्या पायांकडे दाखवले जाते. पुष्कळदा ते योग्यही असते. परंतु शेपटीच्या चाकाची जुळणी बिघडलेली असेल तर चांगल्या पायांचाही उपयोग होत नाही.

या चाकाचे सुकाणू म्हणजे फार गुंतागुंतीचे प्रकरण नव्हे. वैमानिकाच्या पायाखालील पेडलने रडर, म्हणजे शेपटीचा उभा हलता पडदा, फिरतो. रडरच्या तळाशी दोन्ही बाजूंना आडवी शिंगे काढलेली असतात. चाकाच्या डोक्यावरही तशाच दोन भुजा असतात. शिंग आणि भुजा यांना प्रत्येक बाजूस एक साखळी व स्प्रिंग जोडते. रडर वळला की एका बाजूची स्प्रिंग ताणली जाते आणि चाक वळते.

मध्ये स्प्रिंग कशाला, सरळ दांडाच का नको, असा प्रश्न पडेल. काही विमानांत थेट दांडा असतोही. पण आडव्या वाऱ्यात विमान उतरते तेव्हा नाक सरळ ठेवण्यासाठी वैमानिकाने रडर एका बाजूला दाबून धरलेला असतो. अशा वेळी चाक रडरला घट्ट बांधलेले असेल तर ते वळलेल्या स्थितीतच जमिनीला टेकते आणि विमान झटका देऊन वळते. स्प्रिंगची लवचीकता हा झटका गिळते. शिवाय खड्ड्यातून चाकाला बसणारा दणका थेट पेडलपर्यंत पोहोचत नाही. हे सुकाणू काहीसे ढिले असावे लागते, ते याच कारणाने. प्रश्न इतकाच, की किती ढिले?

इथे बहुतेक नवखे एकच वाट धरतात. टॅक्सी करताना, म्हणजे जमिनीवरून विमान चालवत नेताना, ते आळशीपणे वळते असे वाटले की साखळीची एक कडी कमी करायची. चाक थरथरू लागले की आणखी एक कडी कमी करायची. ही वाट चुकीच्या टोकापासून सुरू होते. साखळी ही तपासणीची शेवटची पायरी आहे. पहिली पायरी आहे चाकाच्या उभ्या आसाचा कोन.

चाकाचे डोके ज्या उभ्या खुंट्याभोवती फिरते तो आस विमानाचे पूर्ण वजन शेपटीवर असताना उभा ओळंब्यात किंवा वरचे टोक किंचित मागे झुकलेले, असा असावा. हे डोके पोलादी पट्ट्यांच्या कमानीवर किंवा आरव्हीप्रमाणे निमुळत्या पोलादी दांड्यावर बसवलेले असते. वर्षानुवर्षांच्या दणक्यांनी कमान सपाट होत जाते, तिचे मागचे टोक वर उचलले जाते आणि आसाचे वरचे टोक पुढे झुकते. मग चाक आसाच्या मागे जितके फरफटत यायला हवे तितके येत नाही आणि वेग घेताच डावी-उजवीकडे थडथडू लागते. मॉलमधील ट्रॉलीचे एखादे चाक असेच वेड्यासारखे फडफडते, ते आठवावे. वैमानिक या थरथरीला ‘शिमी’ म्हणतात. संपूर्ण शेपटी हादरवून टाकण्याइतकी ती जोरदार असू शकते. कमान पुन्हा वाकवून घेणे किंवा बदलणे हाच यावरचा उपाय. साखळी आवळून शिमी दबते, जात नाही.

कोन पाहताना विमान रिकामे ठेवून भागत नाही. इंधन, वैमानिकाचे वजन आणि मागच्या कप्प्यातील सामान यांसह शेपटीवर जो भार येतो तो ठेवूनच माप घ्यावे. शेपटी घोडीवर उचलून केलेली जुळणी तर फसवीच. कारण भार उतरताच कमान खाली येते आणि शिंग व भुजा यांमधील अंतर बदलते. घोडीवर नेमकी वाटणारी साखळी जमिनीवर एखाद्या विमानात लोंबते, तर दुसऱ्यात ताठ होते.

आस ठीक असेल तर त्याची पकड पाहावी. काही चाकांच्या डोक्यात घर्षणाच्या चकत्या असतात. त्या झिजल्या किंवा त्यांवर ग्रीस माखले गेले की थरथर रोखणारे कोणी उरत नाही. टायरमधील हवाही प्रमाणात हवी. त्याच्याच जोडीने पुढची मुख्य चाके परस्परांना समांतर आहेत का, हे तपासावे. ही चाके पुढच्या बाजूने आत वळलेली असतील तर विमान वळू लागताच बाहेरच्या चाकावर भार येतो आणि ते चाक वळण आणखी वाढवते. म्हणून ती समांतर किंवा अगदी थोडी बाहेर वळलेली बरी. ते मापण्याची एक जुनी युक्ती सुंदर आहे. प्रत्येक चाकाखाली अॅल्युमिनियमचे दोन पत्रे, मध्ये ग्रीस लावून ठेवायचे. पत्रे एकमेकांवर सरकतात आणि चाकांचे पाय जमिनीच्या पकडीतून सुटून आपल्या नैसर्गिक जागी येतात. मागच्या चाकाच्या नावाने फुटणारी खापरे कधीकधी या पुढच्या चाकांची असतात.

एवढे झाल्यावर साखळीकडे वळावे. रडर आणि चाक दोन्ही सरळ, शेपटीवर नेहमीचा भार; अशा स्थितीत साखळीत ताण नसावा. जेमतेम सरळ किंवा किंचित सैल, आणि दोन्ही बाजूंना सारखी. ताण देऊन बसवलेल्या स्प्रिंगा सतत एकमेकींशी झुंजत राहतात, दणके रडरकडे पाठवतात, शिंगांचे आणि बिजागऱ्यांचे आयुष्य कमी करतात. फार सैल साखळी ठेवली तर पेडल बरेच दाबले जाईपर्यंत चाक हलत नाही, मग एकदम वळते आणि वैमानिक उलटे पेडल दाबतो. विमान नागमोडी चालू लागते. पुष्कळ संचांत डावी व उजवी स्प्रिंग मुद्दाम वेगवेगळ्या ताकदीच्या असतात. दोन्ही एकाच लयीत झुलून थरथरीला साथ देऊ नयेत, हा त्यामागचा हेतू. कारखान्याची चूक समजून त्या जागी एकसारखी जोडी बसवणारे निघतात, म्हणून हे सांगितले.

आता चाकाच्या पोटातील खटक्याविषयी. पूर्ण फिरणाऱ्या चाकात एक खटका खाचेत बसलेला असतो. तो बसलेला असेतोवर चाक पेडलचे ऐकते. ठरावीक कोनापलीकडे वळवले की खटका सुटतो आणि चाक सर्व बाजूंनी मोकळे फिरते. हँगरमध्ये विमान मागे ढकलताना किंवा एका ब्रेकवर जागच्या जागी वळवताना हे फार सोयीचे. पण खाचेच्या कडा झिजल्या तर खटका अवेळी सुटतो. उतरल्यानंतर वेग कमी होऊन रडरवरचा वारा क्षीण झालेला असतो. नेमक्या त्या क्षणी चाकही मोकळे झाले तर वैमानिकाच्या हाती ब्रेकशिवाय काही राहत नाही. उलट वाळू आणि कडक झालेले ग्रीस यांनी खटका अडकला तर तो सुटतच नाही. म्हणून वार्षिक तपासणीत डोके उघडून, धुऊन, कडा बोटाने चाचपून, नवे ग्रीस भरावे. वाळूच्या किंवा चिखलाच्या धावपट्टीवर उतरणाऱ्यांनी त्याहून लवकर. अमेरिकेत हौशी बांधणाऱ्याला स्वतःच्या विमानाची वार्षिक तपासणी करण्याचे प्रमाणपत्र मिळू शकते. सवलत मोठी आहे. पण तपासणारी दुसरी नजर त्यामुळे नाहीशी होते, हेही खरे.

जुळणी संपल्यावर शेपटी उचलून रडर एका थांब्यापासून दुसऱ्या थांब्यापर्यंत फिरवून पाहावा. साखळीची सुटी कडी, उघडलेली क्लिप किंवा तुटलेल्या स्प्रिंगचे टोक रडरच्या वाटेत अडकले तर तो हवेतही अडकेल, आणि ही गोष्ट ग्राउंड लूपहून कितीतरी गंभीर आहे. त्यानंतर वारा नसलेल्या सकाळी चालण्याच्या वेगाने टॅक्सी करावी, मग वेग थोडाथोडा वाढवावा. एका वेळी एकच बदल करावा आणि तो नोंदवहीत लिहून ठेवावा. दोन बदल एकत्र केले की गुण कोणाला आला ते कळत नाही. नवी कमान पहिल्या काही उतरण्यांत थोडी बसते. तेव्हा आसाचा कोन आणि साखळीचा सैलपणा ही दोन मापे त्यानंतर पुन्हा घ्यावी लागतात.