अर्ध्या पगाराची हजेरी

माझा पुतण्या लोट्याच्या एमआयडीसीत ऑपरेटर आहे. परवा सुट्टीच्या दिवशी आला, पडवीत बसला आणि चहा निवेपर्यंत काही बोलला नाही. मग म्हणाला, "तात्या, आमच्याकडे एक लाइन बंद करणार म्हणतात. काढलंच, तर सरकार काही महिने पैसे देतं असं पोरं बोलतायत. खरं काय?"

मी बेचाळीस वर्षं संगमेश्वर तालुक्यातल्या एका शाखा डाकघराची पिशवी खांद्यावर वाहिली. ईडी, म्हणजे एक्स्ट्रा डिपार्टमेंटल, पोस्टमन म्हणून लागलो, ग्रामीण डाक सेवक म्हणून सुटलो. खात्याने नाव बदललं, पाणंद तीच राहिली. सरकारी पैशाचा कुठलाही प्रश्न वाडीत आधी माझ्याकडे येतो. पण याचं उत्तर द्यायला मला पोस्ट पुरेना. आईपासून सुरुवात करावी लागली.

११ डिसेंबर १९६७. पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी कोयनेचा भूकंप झाला. ही मिनिटं मी पुढे वाचली. तेव्हा कळलं ते एवढंच की उतरंड कोसळली आणि आईने मला नि बहिणीला ओढत खळ्यात नेलं. मी तेरा वर्षांचा. कोयनानगर सह्याद्रीच्या पलीकडे, आम्ही अलीकडे. उजाडल्यावर पाहिलं तर आमच्या मातीच्या घराची मागची भिंत बोटभर सुटून परसाकडे कलली होती. वडील मुंबईत, लालबागच्या एका गिरणीत साचाखात्याला.

कोयनेचं वीजघर पोफळीला. म्हणजे धरण साताऱ्यात, पण वीज तयार होते ती आमच्याच जिल्ह्यात, चिपळूण तालुक्यात, आणि जाते मुंबईला. भूकंपाने ती तुटली आणि मुंबईतल्या गिरण्या अडखळल्या. ज्या धक्क्याने आमची भिंत हलली त्यानेच वडिलांचा साचा बंद पाडला. त्यांच्या खात्याला ले-ऑफ मिळाला.

'ले-ऑफ मिळाला' असंच म्हणत, जसं काही बक्षीस. गिरणगावात हा शब्द केव्हाच मराठी झाला होता. नोकरी जात नाही, मस्टरवर नाव राहतं. पण वीज नाही, कोळसा नाही, कापूस नाही किंवा माल खपत नाही म्हणून मालक काम देऊ शकत नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली त्यासाठी कलमं घातली गेली. मूळ पगार आणि महागाईभत्ता मिळून जे होईल त्याच्या निम्मे पैसे कामगाराला द्यायचे. वर्षभर सलग नोकरी झालेली हवी. बदलीवाल्याला त्यात काही नाही. वडिलांनी सहा वर्षं बदलीत काढली होती. रोज पाळीच्या भोंग्याआधी गेटावर उभं राहायचं, कुणी खाडा केला तर त्याच्या जागी आत जायचं, नाहीतर डबा घेऊन परत. त्यामुळे अर्ध्या पगाराचा हक्क हे त्यांना कायम झाल्याचं सगळ्यात मोठं सुख वाटायचं.

पण त्या हक्काला एक अट होती. ले-ऑफच्या काळात रोज ठरल्या वेळेला, दिवसातून एकदा तरी, गिरणीत हजर व्हायचं. नाही झालात तर त्या दिवसाचे पैसे नाहीत. कायदा करणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर अट सरळ आहे: काम सुरू झालं तर माणूस हाताशी हवा. कोकणातल्या माणसाच्या बाजूने पाहिलं तर ती उफराटी आहे. काम नसताना त्याला परवडणारी जागा एकच, त्याचं गाव. मुंबईत राहिलं की खोलीचं भाडं आणि खानावळीचे पैसे पूर्णच द्यावे लागतात, कुणी निम्मे घेत नाही. वडिलांचं कार्ड आलं: भिंतीला टेकू लावून घे, मी आलो तर अर्धा पगार जातो. मीच ते आईला वाचून दाखवलं. तिने चुलत्यांना हाक मारली, ऐनाचे दोन वासे तोडून आणले आणि भिंत उभी ठेवली. पलीकडे वडील रोज गेटावर जाऊन न मिळणाऱ्या कामासाठी उभे राहत होते. दोघंही टेकू देत होती म्हणा ना.

मी पुढे पोस्टात लागल्यावर या गोष्टीकडे जमाखर्चाच्या नजरेने बघायला शिकलो. गिरणीचा पगार दहा तारखेच्या सुमाराला, मनीऑर्डरी पंधरानंतर. पिशवी त्या आठवड्यात जड. फॉर्मच्या खालच्या कुपनावर दोन ओळी असत, त्या मीच वाचायच्या, अंगठा मीच उठवून घ्यायचा. कोकणाची मनीऑर्डरवरची संसारगाडी म्हणून पुष्कळ लिहिलं गेलंय. ते खोटं नाही, पण अर्धं आहे. मुंबईहून रोख येई, हे सगळ्यांना दिसे कारण त्याची पावती फाटे. गावाहून मुंबईला जे जाई त्याची पावती नव्हती: तांदूळ, कुळीथ, नाचणी, सुकट, आजारी पडून परत आलेल्या माणसाची सहा महिन्यांची सेवा, बाळंतपणं, म्हातारपणं. गिरणीने या सगळ्याचा पगार कधी धरला नाही. धरला असता तर मुंबईचं कापड एवढं स्वस्त पडलं नसतं, हे माझं मत आहे. त्याला अर्थशास्त्राचा दाखला मागू नका.

हे फार जुनं आहे. मुंबईतली पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांची, १८५४ साली कंपनी निघाली आणि १८५६ मध्ये ताडदेवला ती चालू झाली. १९११ च्या शिरगणतीत मुंबईच्या गिरणी कामगारांपैकी जवळजवळ निम्मे रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते. तेव्हाचा जिल्हा म्हणजे आजचा सिंधुदुर्ग धरून. माझे आजोबा त्यांच्यातलेच, अर्धेली कूळ. भात पिकलं की निम्मं खोताच्या घरात. उरलेल्यात वर्ष निघत नाही म्हणून आजोबा पावसाळा संपून बोटी सुरू झाल्या की जयगडहून मुंबईला. त्यांनी १९२८ चा संप पाहिला. तो एप्रिलमध्ये सुरू झाला आणि ऑक्टोबरमध्ये मिटला. सहा महिने. मुंबईच्या इतिहासात तो गिरणी कामगार युनियनचा संप आहे. आमच्या घरात तो पेरणीपासून कापणीपर्यंतचा हंगाम आहे. आजोबा पावसाआधी बोटीने गावी उतरले, नांगर धरला, लावणी केली आणि भात कापून परत गेले. सहा महिने लढायला लागणारी शिदोरी कुठून आली याचं उत्तर पुढाऱ्यांच्या भाषणात शोधून मिळायचं नाही.

हे सरकारलाही ठाऊक होतं. संपानंतरच्या वर्षी, १९२९ मध्ये, कामगारांच्या स्थितीची चौकशी करायला व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली रॉयल कमिशन नेमलं गेलं. आपले ना. म. जोशी त्यात सभासद होते. इंग्लंडात १९११ च्या कायद्याने काही धंद्यांत बेकारीचा विमा आला होता. मालक, मजूर आणि सरकार तिघांनी हप्ते भरायचे आणि काम गेलं की मजुराला आठवड्याला ठराविक रक्कम. इथे तसं करता येईल का? कमिशनने १९३१ च्या अहवालात देशव्यापी विमा सध्या शक्य नाही असं म्हटलं, आणि कामगाराचं गावाशी असलेलं नातं ही जमेची बाजू आहे, ते तोडू नये, असंही म्हटलं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आजीची आठवण झाली. विमा होताच की. हप्ता ती भरत होती, खोताचा वाटा देऊन उरलेल्या भातातून.

गाव लांब असलं तरी मुंबईत त्याची एक शाखा होती, ती म्हणजे गाळा. परळ-लालबागच्या चाळीतली एक खोली, गावाच्या मंडळाने धरलेली, भिंतीला एका ओळीत लावलेल्या ट्रंका आणि पाळ्यांप्रमाणे झोपणारे तीस-तीस बाप्ये. काम सुटलेल्याला गाळ्यातून कुणी उठवत नसे. त्याचं भाडं बाकीच्यांवर पडे आणि काम लागलं की तो फेडे. खानावळवालीची वही तशीच. स्वतःचा नवरा संपावर असताना दहा परक्या संपवाल्यांना उधारीवर जेवू घालणाऱ्या बायका होत्या. त्यांना सावकाराच्या तोंडातून सोडवायला प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. बेकारभत्त्याचा इतिहास कुणी लिहिलाच तर त्यात या वह्या यायला हव्यात. पण वह्या राहिल्या नाहीत. पैसे फिटले की पान फाडायची रीत होती.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा शेवटचा मोठा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास माणसं. संपाचे पुढारी डॉ. दत्ता सामंत मूळचे देवबागचे, मालवणकडचे. सिंधुदुर्ग वेगळा होऊन वर्षही झालं नव्हतं, त्यामुळे आमच्याकडे अजून 'आपल्या जिल्ह्यातला डॉक्टर' असंच म्हणत. मी अठ्ठावीसचा होतो, पिशवी माझ्या खांद्यावर. फेब्रुवारीची पिशवी हलकी आली, मार्चची त्याहून. दारात बसलेल्या बायका आधी विचारायच्या, "आली काय रे?" मग विचारणं बंद झालं, मी लांबून मान हलवायचो आणि त्या सुपातल्या तांदळाकडे बघायच्या. शिमग्याला मात्र कधी नव्हती एवढी माणसं गावात. एरवी पालखीला खांदा द्यायला चाकरमान्यांची वाट बघावी लागते, त्या वर्षी खांद्यांची रांग. सहाणेवर ढोल वाजत होता आणि मी मनात मोजत होतो, यातल्या किती घरांची मनीऑर्डर मी यापुढे नेणार नाही.

संपाला ले-ऑफची भरपाई नाही. मालक काम देत नाही तेव्हा ती मिळते. तुम्हीच काम नाकारलंत तर कायदा हात झटकतो. म्हणजे या वेळी गेटावर उभं राहून अर्धासुद्धा मिळणार नव्हता. वडील आले ते परत गेलेच नाहीत. चौपन्न वर्षांचा माणूस चौतीस वर्षांनी पुन्हा पूर्ण वेळ शेतकरी झाला आणि पहिल्या लावणीला चिखलात उभा राहून आईला विचारू लागला की कुणगा कुठून सुरू करायचा. ती हसली नाही. मी हसलो होतो, त्याचं अजून वाईट वाटतं. ग्रॅच्युइटी आणि फंड मिळायला किती वर्षं लागली आणि किती हेलपाटे झाले, ते इथे नको.

पुढे सरकारला जाग आली ती अशी: १९८६ मध्ये केंद्राने कापडगिरणी कामगारांसाठी पुनर्वसन निधीची योजना काढली. गिरणी कायमची बंद झाली असेल तर पहिल्या वर्षी पगाराच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५०, तिसऱ्या वर्षी २५. उतरत्या जिन्यासारखा हिशेब. संपात गेलेल्या माणसाला त्याचा उपयोग नव्हता. आमच्या वडिलांना पैसा दिसला तो वेगळ्याच बाजूने, रोजगार हमीतून. वि. स. पागे यांची ही योजना १९७७ च्या कायद्याने पक्की झाली. खर्चासाठी शहरातल्या पगारदारांवर १९७५ पासून व्यवसाय कर होता. पंधरा दिवसांत काम दिलं नाही तर दिवसाला निदान एक रुपया बेकारभत्ता, असंही त्यात होतं. तो रुपया मी कुणाला मिळालेला पाहिला नाही. पण १९९० मध्ये याच योजनेला फळबाग जोडली गेली, खड्डे खणायचे आणि कलमं लावायचे पैसे मिळू लागले, आणि साठी उलटलेल्या वडिलांनी वरकसात वेंगुर्ला चार काजूची कलमं लावली. साच्यावर तुटलेला धागा शोधणारी बोटं शेवटपर्यंत फांद्यांवर तशीच फिरत.

पुतण्या हे सगळं ऐकत होता की मोबाइल बघत होता, सांगता येत नाही. त्याच्या प्रश्नाचं उत्तर मी मग चार वाक्यांत दिलं. पगारातून कर्मचारी राज्य विम्याचे (ईएसआयचे) पैसे कापले जात असतील, तर १ जुलै २०१८ पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे. आयुष्यात एकदाच, जास्तीत जास्त ९० दिवस. आधी सरासरी कमाईच्या पाव देत, २०२० पासून निम्मे. गैरवर्तनासाठी काढलेल्याला नाही, राजीनामा लिहून घेतला तर वांधे. म्हणून कसल्याही कागदावर घाईने सही करू नको.

"निम्मे," तो म्हणाला. "आजोबांच्या वेळी पण निम्मेच होते ना?"

"हो. पण रोज गेटावर जायला नको आता."

"नव्वद दिवसांत काय होतं?"

मी समोरच्या दळ्यांकडे बघितलं. हळव्या भातालाही शंभराच्या आसपास दिवस लागतात, ते मी बोललो नाही. कारण दळी आठ वर्षं पड आहेत, बांधावर कुडा वाढलाय, रात्री डुकरं येतात. आईनंतर तिथे कुणी उतरलं नाही. याच पुतण्याने त्यातला रस्त्याकडचा तुकडा विकायचा का, असं गेल्या वर्षी विचारलं होतं.

त्याने मोबाइलवर विम्याचं पान उघडलं. आधार नंबर घातला, बँकेचा खातेक्रमांक मी पासबुकातून वाचून सांगितला, त्याने दोनदा तपासून एका कागदावर लिहून घेतला. पुढे एका चौकटीत नोकरी सुटल्याची तारीख विचारली होती. तिथे त्याचा अंगठा थांबला. मग त्याने कागदाची घडी खिशात घातली, घड्याळ बघितलं आणि दुसऱ्या दिवशीची पहिली पाळी म्हणून संध्याकाळच्या एसटीला निघाला.